पडक्या विटांचा वाली

काशीपासून थोड्या अंतरावर सारनाथ नावाचे क्षेत्र आहे. गौतम बुद्धांनी आपला पहिला उपदेश येथेच केला. सम्राट अशोकाच्या काळापासून कित्येक शतके येथे स्तूप आणि विहार उभे राहत गेले. पुढे काळ पालटला, विहार ओस पडले, भिंती ढासळल्या आणि त्यांवर माती साचली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे उरले होते ते काही उंचवटे, विटांचे ढीग आणि धामेक नावाचा एक प्रचंड स्तूप. आसपासच्या लोकांना त्या जागेचा इतिहास ठाऊक नव्हता. बांधकामासाठी आयत्या विटा आणि घडीव दगड मिळण्याचे ते एक सोयीचे ठिकाण होते. 1794 साली तर तेथील एक अख्खा स्तूप शहरातील बांधकामासाठी उकलून नेण्यात आला. अशा या जागी 1834 च्या सुमारास एक वीस वर्षांचा इंग्रज लष्करी अधिकारी येऊन पोहोचला. त्याचे नाव अलेक्झांडर कनिंगहॅम.

कनिंगहॅम यांचा जन्म 23 जानेवारी 1814 रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील ॲलन कनिंगहॅम हे स्कॉटलंडचे कवी. घरची स्थिती बेताचीच होती. लष्करी शिक्षण पूर्ण करून 1833 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते बंगालच्या इंजिनिअर दलात अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले. रस्ते आखावेत, पूल बांधावेत, युद्धप्रसंगी सैन्याला नदीपार करावे, हे त्यांचे नेमलेले काम होते. ते त्यांनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे चोख बजावले. परंतु कलकत्त्यात त्यांची गाठ जेम्स प्रिन्सेप या विद्वानाशी पडली आणि त्यांच्या आयुष्याला निराळेच वळण लागले.

प्रिन्सेप टांकसाळीत अधिकारी होते. जुन्या नाण्यांवरील आणि शिलास्तंभांवरील अक्षरे वाचण्याचा त्यांना ध्यास लागला होता. ती अक्षरे वाचणारा एकही मनुष्य त्या काळी उरला नव्हता. अपार परिश्रम करून 1837 साली प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले आणि अशोकाचे लेख शेकडो वर्षांनी पुन्हा बोलू लागले. या उद्योगात तरुण कनिंगहॅम त्यांना नाणी मिळवून देत आणि त्यांच्याशी चर्चा करीत. 1840 साली प्रिन्सेप अकाली वारले. पण त्यांनी लावलेली ज्योत त्यांच्या या तरुण मित्राने विझू दिली नाही.

सारनाथला कनिंगहॅम यांनी स्वतःच्या पैशाने धामेक स्तूपाचे उत्खनन केले. माथ्यापासून थेट पायापर्यंत एक उभी विहीर खणावी लागली. वरच्या भागात बौद्ध धर्माचे सूत्र कोरलेली एक शिळा मिळाली; मात्र अस्थिकलश मिळाला नाही. स्तूपाजवळच्या एका जागी मात्र एकत्र रचून ठेवलेल्या पुष्कळ मूर्ती सापडल्या. संकटकाळी भिक्षूंनी त्या तेथे दडवल्या असाव्यात. काही मूर्ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. उरलेल्या चाळीसहून अधिक मूर्ती आणि कोरीव दगड त्यांनी तेथेच ठेवले आणि ते आपल्या कामावर परतले.

पुढे जे घडले त्याचा चटका त्यांना जन्मभर लागून राहिला. जवळच वरणा नदीवर पूल बांधला जात होता. पाण्याच्या ओढीने पुलाच्या कमानींखालचा तळ खचू नये म्हणून तेथे भराव घालायचा होता. त्यासाठी त्या सर्व मूर्ती गाड्यांत भरून नदीत लोटण्यात आल्या. भिक्षूंनी शत्रूपासून वाचवलेल्या मूर्ती शांततेच्या काळात, सरकारी कामासाठी, पाण्यात गेल्या! पूल बांधणारे लोक दुष्ट नव्हते. ते जे नदीत टाकीत होते त्याचे मोल त्यांना माहीत नव्हते, एवढेच. प्राचीन वस्तूंना शत्रूच्या घणापेक्षा अज्ञानाचे भय अधिक असते, ही गोष्ट कनिंगहॅम यांच्या मनावर कायमची ठसली.

1851 साली त्यांनी आपला सहकारी मेसी याच्यासह सांची आणि तिच्या आसपासचे अनेक स्तूप खणून पाहिले. तेथे बुद्धांचे शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांची नावे कोरलेले अस्थिकलश मिळाले. या शोधाचे मोठे कौतुक झाले. परंतु त्या काळची उत्खननाची रीत ओबडधोबड होती. स्तूपाच्या मध्यातून विहीर खणली की त्याच्या अंतर्भागाला इजा होई. शिवाय सापडलेले काही अस्थिकलश इंग्लंडला नेण्यात आले. ते परत येऊन सांचीच्या नव्या विहारात स्थापन होण्यास 1952 साल उजाडावे लागले. वारसा जपायचा तर तो ज्या भूमीचा आहे त्या भूमीवरच जपावा, हा विचार तेव्हा रुजलेला नव्हता; आणि कनिंगहॅमही आपल्या काळाच्या या मर्यादेतून सुटले नाहीत.

प्राचीन अवशेषांची पाहणी हे एकट्यादुकट्या हौशी माणसाचे काम नव्हे, सरकारनेच ते अंगावर घेतले पाहिजे, असे ते 1848 पासून सांगत होते. त्यांचे म्हणणे मान्य होण्यास तेरा वर्षे लागली. 1861 साली ते मेजर जनरलच्या हुद्द्यावरून सैन्यातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी त्यांची पुरातत्त्वीय पाहणीवर नेमणूक केली. आजच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या संस्थेचा आरंभ येथूनच मानला जातो. ज्या वयात इतर अधिकारी विश्रांतीसाठी मायदेशी परतत, त्या वयात कनिंगहॅम यांनी उत्तर हिंदुस्थानच्या वाटा तुडवण्यास प्रारंभ केला.

त्यांचा वाटाड्या मोठा विलक्षण होता. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू भारतात आला होता. कोणत्या नगरापासून कोणते नगर किती अंतरावर व कोणत्या दिशेस आहे, तेथे किती विहार आहेत, हे त्याने बारकाईने लिहून ठेवले होते. बाराशे वर्षांपूर्वीचे ते प्रवासवर्णन हाती घेऊन कनिंगहॅम गावोगाव हिंडले. अंतरे मोजावीत, टेकाडे चढून पाहावे, शेताच्या बांधावर पडलेली शिळा धुऊन तीवरील अक्षरे उतरून घ्यावीत, असा त्यांचा क्रम असे. बिहारमधील बडगाव येथील टेकाडे म्हणजेच जगप्रसिद्ध नालंदा विद्यापीठ, हे त्यांनी दाखवून दिले. सहेत-महेत येथील अवशेष श्रावस्तीचे आहेत, हेही त्यांनी ओळखले. तक्षशिलेचा ठाव मात्र बराच काळ लागत नव्हता. प्लिनी या रोमन लेखकाने दिलेली अंतरे एकीकडे नेत, तर चिनी यात्रेकरूंचे वर्णन दुसरीकडे नेई. कनिंगहॅम यांनी यात्रेकरूंवर विश्वास ठेवला. 1863-64 साली शाहढेरी या गावाजवळ त्यांना भग्न नगराचा विस्तीर्ण प्रदेश आणि पंचावन्न स्तूपांचे अवशेष आढळले. हीच ती तक्षशिला. ही जागा आज पाकिस्तानात आहे.

इतके होऊनही 1866 साली सरकारने हे खाते बंद केले. जुन्या दगडांवर खर्च कशाला, असा प्रश्न राज्यकर्त्यांना पडला असावा. कनिंगहॅम इंग्लंडला परतले. पण तेथेही स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी भारताच्या प्राचीन भूगोलावर एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो 1871 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सरकारने हे खाते पुन्हा सुरू केले आणि सत्तावन्न वर्षांचे कनिंगहॅम त्याचे महासंचालक म्हणून पुन्हा हिंदुस्थानात आले.

या दुसऱ्या कालखंडात त्यांच्यासमोर एक नवे संकट उभे होते. देशात लोहमार्ग वेगाने पसरत होते. रुळांखाली भर घालण्यासाठी खडी हवी असे, आणि जेथे दगड मिळत नसे तेथे ठेकेदारांची नजर जुन्या टेकाडांकडे वळे. पंजाबात रावी नदीच्या जुन्या पात्राकाठी हडप्पा नावाचे गाव आहे. तेथील विटांची प्रचंड टेकाडे कनिंगहॅम यांनी 1853 साली पाहिली होती. पुढे लाहोर-मुलतान लोहमार्ग बांधला गेला. 1872-73 च्या हंगामात कनिंगहॅम तेथे पुन्हा गेले, तेव्हा पूर्वी पाहिलेल्या भिंती दिसेनाशा झाल्या होत्या. तेथील विटा सुमारे शंभर मैलांच्या लोहमार्गाखाली गेल्या होत्या. रोज कित्येक उतारू त्या मार्गावरून जात. आपण कोणत्या नगरावरून धावत आहोत याची कोणालाच कल्पना नव्हती.

त्या भेटीत त्यांच्या पाहण्यात एक लहानशी दगडी मुद्रा आली. तीवर एक पशू आणि काही अनोळखी अक्षरे कोरलेली होती. पशूच्या पाठीवर वशिंड दिसत नाही, तेव्हा ही मुद्रा परदेशातून आलेली असावी, असा त्यांनी तर्क केला. हा तर्क चुकला. ती मुद्रा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सिंधू संस्कृतीची होती. तथापि त्यांनी तिचे चित्र आपल्या अहवालात छापून ठेवले. 1921 साली दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे उत्खनन सुरू केले. पुढच्याच वर्षी राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे खणण्यास प्रारंभ केला. 1924 साली जॉन मार्शल यांनी या संस्कृतीचा शोध जगाला कळवला. हडप्पा तोवर पुष्कळ लुटले गेले होते. नेलेल्या विटांबरोबर त्या नगराच्या इतिहासाची किती पाने गेली, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

जे हडप्पास घडले ते भारहुतास घडू नये, यासाठी कनिंगहॅम यांनी आटोकाट प्रयत्न केला. मध्य प्रदेशातील सतना शहराच्या दक्षिणेस भारहुत हे गाव आहे. 1873 च्या नोव्हेंबरात नागपूरकडे जात असता त्यांनी ते पाहिले. तेथील स्तूपाच्या विटा गावकऱ्यांनी घरे बांधण्यासाठी केव्हाच नेल्या होत्या. परंतु स्तूपाभोवतीचा तांबूस दगडाचा कठडा ढिगाऱ्याखाली दबल्यामुळे काही अंशी वाचला होता. पुढच्या वर्षी तो खणून काढला, तेव्हा पाहणारे थक्क झाले. त्या कठड्यावर जातककथा कोरलेल्या होत्या आणि चित्राखाली त्याचे नाव ब्राह्मी लिपीत दिले होते. अनाथपिंडिक नावाचा श्रेष्ठी बुद्धांसाठी जेतवन विकत घेतो आणि किंमत म्हणून साऱ्या भूमीवर नाणी अंथरतो, हा प्रसंगही तेथे आहे. बैलगाडीतून आणलेली नाणी चाकर जमिनीवर मांडत आहेत, असे ते दृश्य आहे.

आता एक अवघड प्रश्न उभा राहिला. हे शिल्प जागेवरच ठेवावे, की दूर नेऊन सुरक्षित करावे? जागा सोडली की शिल्पाचा अर्धा अर्थ हरपतो. जागेवर ठेवले तर ते उरेलच याची खात्री नाही. सारनाथच्या मूर्तींची आठवण कनिंगहॅम यांच्या मनात ताजी होती. त्यांनी मिळाले तेवढे खांब आणि तोरण कलकत्त्याच्या संग्रहालयात पाठवण्याची व्यवस्था केली. मूळ जागेवरून अवशेष हलवल्याबद्दल त्यांच्यावर काही विद्वानांनी टीकाही केली. परंतु मागे राहिलेले जे दगड उचलता येण्याजोगे होते, ते पुढे लोकांनी उचलून नेले. कलकत्त्यास नेलेला कठडा मात्र आजही त्या शहराच्या भारतीय संग्रहालयात उभा आहे.

एवढ्या विस्तीर्ण देशाची पाहणी एका माणसाच्या हातून होणे शक्य नव्हते. बेग्लर आणि कार्लाइल हे त्यांचे दोन साहाय्यक होते. पश्चिम भारतात 1874 पासून जेम्स बर्जेस यांनी पाहणी सुरू केली आणि महाराष्ट्रातील लेण्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास होऊ लागला. कनिंगहॅम यांच्या कारकिर्दीतील पाहणीचे अहवाल तेवीस खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांत वर्णिलेल्या काही इमारती आज अस्तित्वात नाहीत. त्यांची हकीगत आता या अहवालांतच वाचावयास मिळते.

1885 साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते निवृत्त झाले. त्यांच्या संग्रहातील अनेक वस्तू घेऊन इंग्लंडकडे निघालेले जहाज श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ बुडाले. जन्मभर जमवलेली पुष्कळ नाणी समुद्राने गिळली. तरीही त्यांची लेखणी थांबली नाही. बुद्धगयेच्या महाबोधी मंदिरावरील त्यांचा ग्रंथ 1892 साली प्रसिद्ध झाला. 28 नोव्हेंबर 1893 रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे या देशात वारसा जपण्याचे कायदे झाले. 1904 साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि स्वतंत्र भारताने 1958 साली तो अधिक व्यापक केला. राष्ट्रीय स्मारकापासून शंभर मीटरांच्या आत नवे बांधकाम करता येणार नाही, अशी तरतूद 2010 साली कायद्यात आली. आपल्या वारशाचे मोल ओळखून तो जतन करणे हे राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे.

संकटे मात्र संपलेली नाहीत. रस्ते, धरणे आणि वाढती शहरे आजही जुन्या टेकाडांपर्यंत येऊन भिडतात. मूर्तींची चोरी होते, किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या भिंतींवर हौशी लोक आपली नावे कोरतात. प्रत्येक दगडापाशी पहारेकरी उभा करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. सारनाथच्या मूर्ती नदीत लोटल्या जात असताना त्या गाड्यांभोवती अनेक माणसे होती. पण हे थांबवा, असे म्हणणारा एकही जाणता मनुष्य तेथे नव्हता. असा मनुष्य गावोगावी असावा, यातच त्या पडक्या विटांचे खरे रक्षण आहे.