विश्लेषण : बदनाम ‘सुमो’च्या नावामागचे सुमंत मूळगावकर कोण होते?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या ‘टाटा सुमो’ आता कमी दिसतात. एके काळी लग्नाचे वऱ्हाड, नांदेडच्या डॉक्टर लेनकडे निघालेला रुग्ण, हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले भाविक आणि निवडणुकीचे कार्यकर्ते या सगळ्यांना हीच गाडी लागायची. तरीही तिचे नाव चांगले नव्हते. धूर सोडणारी, हाडे खिळखिळी करणारी, दादा लोकांची गाडी अशीच तिची ओळख होती. सीमेपलीकडून येणाऱ्या तेलुगू चित्रपटांत तर हवेत उडणाऱ्या सुमो ठरलेल्याच! तिचे नाव जपानी पैलवानावरून पडले, असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ‘सुमो’ म्हणजे सुमंत मूळगावकर. भारतीय बनावटीच्या गाडीला कमी लेखण्याच्या सवयीशी हा अभियंता आयुष्यभर झुंजला. त्यांच्या नावाच्या गाडीच्या वाट्याला मात्र तीच अवहेलना आली.

मूळगावकर कोण होते?

सुमंत मूळगावकर यांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. त्या काळी परदेशातून शिकून आलेल्या तरुणाला सरकारी नोकरी किंवा एखाद्या इंग्रजी कंपनीतील पद सहज खुणावत असे. मूळगावकर सिमेंट उद्योगात गेले. १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ‘एसीसी’ स्थापन झाली आणि पुढे तिथेच त्यांनी नाव कमावले.

दुसऱ्या महायुद्धात परदेशातून यंत्रे येणे जवळपास थांबले. सिमेंट कारखान्याची अवजड यंत्रसामग्री भारतात बनू शकते, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. मूळगावकरांनी ती देशातच घडवण्याच्या कामात पुढाकार घेतला. अडचण आली म्हणून काम थांबवायचे नाही आणि देशी आहे म्हणून कमी दर्जाचे खपवून घ्यायचे नाही, हे त्यांच्या कामाचे सूत्र तिथेच पक्के झाले.

टेल्कोत ते कसे आले?

टाटा इंजिनीअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ मध्ये जमशेदपूरला उभी राहिली. ‘टेल्को’ या नावाने ती ओळखली जात असे. सुरुवातीचे मुख्य काम होते रेल्वेची वाफेची इंजिने बनवण्याचे. १९४९ मध्ये जेआरडी टाटांनी मूळगावकरांना टेल्कोत आणले.

रेल्वे इंजिनांचा ग्राहक एकच, सरकार. केवळ त्याच्या भरवशावर कंपनी चालवणे धोक्याचे होते. स्वतंत्र देशात रस्ते वाढणार आणि मालवाहतूकही वाढणार, हे उघड होते. म्हणून १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी ट्रक बनवण्याचा करार केला. त्याची मुदत १५ वर्षे होती. त्याच वर्षी जमशेदपूरमधून पहिला ट्रक बाहेर पडला. पुढच्या काळात भारतीय रस्त्यांवर मर्सिडीजचा तारा मिरवणारे ट्रक धावू लागले.

मराठवाड्यासाठी ट्रक इतका महत्त्वाचा का होता?

लातूरला रेल्वे १९११ मध्येच आली होती. पण ती बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी होती. कुर्डुवाडीला माल उतरवून मोठ्या रुळांच्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. हा मार्ग पूर्णपणे ब्रॉडगेज व्हायला २००८ साल उजाडले. नांदेडलाही अनेक दशके मीटरगेजवरच भागवावे लागले.

अशा भागात मोंढ्यातून थेट मुंबई, पुणे किंवा हैदराबादपर्यंत माल नेणारा ट्रक ही चैन नव्हती. तूर, करडई आणि पुढे सोयाबीनचा व्यापार त्याच्याच चाकांवर वाढला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे गेली. त्या गावांपर्यंत रूळ नव्हते. धान्य, ताडपत्र्या, पत्रे, औषधे आली ती रस्त्यानेच. गाडी दिसायला कशी, हा प्रश्न अशा वेळी कुणी विचारत नाही. ती पोहोचते की नाही, एवढेच महत्त्वाचे असते.

तारा गेला, तेव्हा काय झाले?

जर्मन कंपनीशी असलेला करार १९६९ मध्ये संपला. ट्रकच्या नाकावरचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचे ‘टी’ अक्षर आले. मूळगावकरांची ही सर्वांत मोठी परीक्षा होती. गाडी तीच, कारखाना तोच, कामगारही तेच. पण तारा नसलेला ट्रक गिऱ्हाईक घेईल का? कर्ज काढून ट्रक घेणाऱ्या मालकासाठी हा भावनेचा नव्हे, पोटाचा प्रश्न असतो. गाडी घाटात बंद पडली तर हप्ता थकतो.

ट्रक खपत राहिले, कारण या दिवसाची तयारी मूळगावकरांनी आधीच केली होती. परदेशी भागांच्या जागी टप्प्याटप्प्याने देशी भाग बनत गेले होते. संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले होते. करार संपला तेव्हा टेल्कोकडे फक्त नकाशे नव्हते, ट्रक घडवणारी माणसेही होती.

पुण्याचा कारखाना वेगळा कसा?

१९६० च्या दशकात टेल्कोने पिंपरी-चिंचवड परिसरात जागा घेतली. माळरान, खडकाळ जमीन, झाडांचा पत्ता नाही. कारखान्याबरोबर तिथे हजारो झाडे लावली गेली, तलावही झाला. पण खरे वेगळेपण पुढेच आहे. पुण्यातून पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये. मग त्याआधीची वर्षे कशात गेली? यंत्रे बनवणारी यंत्रे, साचे आणि हत्यारे तयार करण्यात, तसेच शिकाऊ मुलांना तयार करण्यात.

गाडी विकून लगेच पैसा मिळवण्याऐवजी आधी कारागीर घडवायचे, हा उलटा क्रम होता. पत्र्याचा साचा बाहेरून मागवला की प्रत्येक नव्या गाडीसाठी परदेशाकडे हात पसरावा लागतो. साचा स्वतः करता आला तर गाडीही स्वतःची करता येते, हा त्यामागचा हिशेब. सुमो आणि पुढे इंडिका पुण्यात घडू शकल्या, त्याचा पाया या दिसायला संथ वाटणाऱ्या वर्षांत आहे.

जेआरडी टाटांनंतर मूळगावकर टेल्कोचे अध्यक्ष झाले. टाटा स्टीलचे उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाची चळवळ देशात रुजवली. मुंबईच्या नगरपाल म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

मारुतीशी त्यांचा काय संबंध?

फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मारुती उद्योगाचे सुरुवातीचे अध्यक्षही मूळगावकरच होते. रोजचा कारभार ते पाहत नसत, पण कंपनीच्या वरच्या पदावर त्यांचे नाव होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. ॲम्बेसिडर आणि पद्मिनी पाहिलेल्या लोकांना ती काडेपेटीसारखी वाटली. एवढासा पत्रा, ७९६ सीसीचे इंजिन, ही खड्ड्यांत किती टिकणार? त्याच गाडीने पुढची ३० वर्षे अर्ध्या देशाला गाडी चालवायला शिकवले. तिचे उत्पादन थांबले ते २०१४ मध्ये.

४०७ ची लढाई कोणती होती?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर हलक्या ट्रकच्या बाजारात जपानी तंत्रज्ञान घेऊन एकापाठोपाठ एक कंपन्या उतरल्या. डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी, ऑल्विन-निस्सान. जपानी नावापुढे देशी गाडी टिकणार नाही, अशीच चर्चा होती. टेल्कोने परदेशी भागीदार न घेता १९८६ मध्ये स्वतः आखलेली ‘४०७’ आणली.

जपानी गाड्या चालवायला मऊ होत्या, दिसायला सुबक होत्या. ४०७ ओबडधोबड होती. पण इथला मालक कागदावरच्या वजनाएवढाच माल भरत नाही आणि इथला रस्ता सपाट नसतो, हे ती ओळखून होती. जाड चेसिस, दणकट पाटे आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारे सुटे भाग ही तिची जमेची बाजू. स्पर्धकांपैकी काही कंपन्या पुढे दुसऱ्यांच्या हाती गेल्या. ४०७ आजही विकली जाते.

मूळगावकर ढाब्यावर ट्रकचालकांबरोबर जेवायचे, अशी एक गोष्ट मोबाइलवर वरचेवर फिरत असते. ती बाजूला ठेवली, तरी गाडी कोण चालवतो आणि कशी वापरतो याचा विचार त्या काळातल्या टेल्कोच्या गाड्यांच्या बांधणीत दिसतो.

मग सुमो का आली आणि बदनाम का झाली?

१९८८ मध्ये टेल्कोचे अध्यक्षपद रतन टाटांकडे गेले. १ जुलै १९८९ रोजी मूळगावकरांचे निधन झाले. १९९० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले. १९९४ मध्ये कंपनीने दहा जणांची नवी गाडी आणली, तेव्हा सुमंतमधला ‘सु’ आणि मूळगावकरांमधला ‘मो’ घेऊन तिचे नाव ठेवण्यात आले. (आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन ‘ओ’ वापरून होते, म्हणून ‘मू’चा ‘मो’ झाला.) ज्यांच्या नावाने ती धावली, त्यांनी ती कधी पाहिलीच नाही.

सुमोवरचे आक्षेप आणि त्यामागची कारणे वेगवेगळी पाहायला हवीत.

हादरे : सुमोच्या मागच्या चाकांवर पाटे होते. पाटे हे भार पेलण्यासाठी असतात. गाडीत दोघेच बसले की ते वाकत नाहीत आणि प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. आठ-नऊ माणसे आणि टपावर सामान चढले की तीच गाडी संथ चालते. शहरात एकट्याने चालवणाऱ्याने तिला नावे ठेवली आणि वऱ्हाड नेणाऱ्याने तिलाच पुन्हा बोलावले, याचे कारण हेच.

धूर : तिचे डिझेल इंजिन साधे, जुन्या पद्धतीचे होते. डिझेल पंप नीट लावलेला नसेल, फिल्टर वेळेवर बदलला नसेल, डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ असेल, वर दहाच्या गाडीत पंधरा जण असतील, तर ते काळा धूर सोडणारच. पण त्याच साधेपणामुळे किनवट-माहूरच्या घाटात बंद पडलेली गाडी जवळच्या गावातला मिस्त्रीही पान्हे घेऊन सुरू करू शके.

ओबडधोबडपणा : सुमोची बांधणी टाटांच्या पिकअपच्या धर्तीवर, वेगळ्या चेसिसवर होती. अनेक भाग पिकअपशी जुळणारे. त्यामुळे सुटे भाग स्वस्त पडत आणि गाडी फार दिवस गॅरेजमध्ये अडकून राहत नसे. भाड्यावर चालणाऱ्या गाडीसाठी उभा राहिलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई.

दादा लोकांची गाडी : हा दोष तर गाडीचा नाहीच. एकाच वेळी जास्त माणसे नेणारी आणि कच्च्या रस्त्यावर न अडकणारी गाडी सगळ्यांनाच हवी असते. त्यात कार्यकर्ते आले, पोलिस आले आणि रुग्णवाहिकाही आल्या. पडद्यावर मात्र फक्त गुंड दिसले.

टीका अगदीच चुकीची होती का?

नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत सुमो जुन्या काळातच राहिली. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसणाऱ्यांना अपघातात फारसे संरक्षण नव्हते. उंच गाडी, टपावर ओझे आणि वळणावर वेग हे मिश्रण जीवघेणे ठरू शकते. सुरक्षा आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू होणार होते. त्याआधीच, २०१९ मध्ये सुमोचे उत्पादन थांबले. जुनी सुमो आज घेणाऱ्याने पाटे, चेसिसचा गंज आणि डिझेल पंप तपासावाच, पण त्याहून आधी बसणाऱ्यांची संख्या आणि सीटबेल्ट पाहावेत. गाडी दणकट असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या आयुष्यातून काय लक्षात घ्यावे?

मूळगावकरांच्या कारकिर्दीत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहिला. सिमेंटची यंत्रे इथे बनतील का? ताऱ्याविना ट्रक चालेल का? जपानी नावापुढे ४०७ टिकेल का? प्रत्येक वेळी उत्तर जाहिरातीने दिले नाही, रस्त्याने दिले. त्यासाठी आधी वर्षानुवर्षे साचे, हत्यारे आणि माणसे घडवावी लागली.

गाडीचे नाव कसे आहे हे चारचौघांतल्या बोलण्यावरून ठरते. ती कशी आहे हे हप्ता फेडणाऱ्या मालकाला, रात्री-अपरात्री रुग्ण घेऊन निघालेल्या चालकाला आणि तिच्याखाली झोपून काम करणाऱ्या मिस्त्रीला विचारावे लागते. नांदेड-लातूर रस्त्यावर एखादी रंग उडालेली सुमो पुढे दिसलीच, तर तिच्या मागच्या दारावरची अक्षरे एका माणसाची आहेत, एवढे आठवावे.