नायगावचे घर आणि सावित्रीबाई फुले

सातारा जिल्ह्यात, शिरवळच्या बाजूस, खंडाळा तालुक्यात नायगाव नावाचे लहानसे गाव आहे. तेथील नेवसे पाटलांचे जुने घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. ह्याच घराण्यात ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी व लक्ष्मीबाई ह्यांच्या पोटी सावित्रीबाईंचा जन्म झाला.

१८४० साली जोतीराव फुले ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जोतीरावांचे मूळ घराणे कोरेगावच्या पूर्वेकडील कटगुणचे. तेव्हा आपल्या भागाचे ह्या दांपत्याशी दुहेरी नाते आहे. पतीने त्यांस लिहावयास व वाचावयास शिकविले. पुढे अहमदनगरास मिस फॅरार व पुण्यास मिसेस मिचेल ह्या मिशनरी बाईंजवळ त्या अध्यापन शिकल्या. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. परंतु ह्या कार्यापायी १८४९ साली उभयतांस सासरचे घर सोडावे लागले.

१८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी आल्या. भावाने त्यांची शुश्रूषा मनापासून केली. तथापि महारमांगांकरिता काम करणे हे कुळास बट्टा लावणारे आहे, असे तो बोलला. ते ऐकून आईसही वाईट वाटले. सावित्रीबाई रागावल्या नाहीत, पण गप्पही बसल्या नाहीत. गाईबकऱ्यांस कुरवाळणाऱ्याने, नागपंचमीस नागाला दूध देणाऱ्याने आपल्यासारख्याच माणसास अस्पृश्य का मानावे, असे त्यांनी विचारले. भाऊ निरुत्तर झाला. ही हकिगत त्यांनी पतीस पत्राने कळविली.

ह्याच गावी १८६८ साली मोठी कसोटी आली. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण व शारजा नावाची महार मुलगी ह्यांचे प्रेम उघड झाले. मुलगी गरोदर होती. संतापलेले लोक त्या दोघांस ठार मारावयास निघाले. सावित्रीबाई धावत मध्ये पडल्या, सरकारी कायद्याची भीती घालून त्यांनी जमावास आवरले, आणि त्या दोघांस पुण्यास जोतीरावांकडे पाठविले.

१८९७ साली प्लेगाच्या रोग्यांची सेवा करिताना त्यांस तोच रोग जडला, व १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, सभेत समतेविषयी बोलणे सोपे आहे. परंतु जेथे प्रेमाने आपली शुश्रूषा होत आहे, त्या घरात भावासमोर तेच बोलणे कठीण असते. सावित्रीबाई तेथेही बोलल्या. आपल्या घरीही पंगत, पाणवठा किंवा सोयरीक ह्यांचा विषय निघाला म्हणजे नायगावच्या त्या घराची आठवण ठेवावी.