सेलमच्या पोलादाचा अभ्यासक : जोसाया मार्शल हीथ

चेन्नई : जोसाया मार्शल हीथ हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास प्रशासनातील अधिकारी. नोकरी सोडून १८३०च्या सुमारास त्यांनी पोर्टो नोवो, म्हणजे आजच्या परंगीपेट्टै येथे लोखंडाचा कारखाना उभारला. खनिज सेलमच्या डोंगरांतून येई. तेथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या मुशीत वुट्झ पोलाद घडवीत. त्यांच्या कृतीचा अभ्यास करून हीथ यांनी १८३९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मँगनीज वापरून पोलाद बनवण्याचे पेटंट त्यांनी घेतले. शेफील्डच्या कारखानदारांनी ही पद्धत उचलली. मोबदला मात्र टाळला. १८५१ मध्ये हीथ निवर्तले आणि १८५५ मध्ये पेटंटचा दावाही फेटाळला गेला. हीथ यांना निदान न्यायालयात दाद मागता आली. सेलमच्या कारागिरांकडे पेटंटही नव्हते आणि उद्योगात वाटाही नव्हता. खाणउद्योग व मूळ रहिवासी यांच्या सहकार्याची खरी कसोटी आजही हीच आहे.