लांडग्याच्या नावाचा राजा
तिबिलिसी नगरीचा संस्थापक म्हणून जॉर्जियात पूजनीय ठरलेला पाचव्या शतकातील राजा वाख्तांग गोर्गासाली सासानी इराणचा मांडलिक होता. इ.स. ४८२ मध्ये त्याने त्याच सत्तेविरुद्ध बंड पुकारले. गंमत अशी, की त्याचे नावही इराणीच! 'वाख्तांग' म्हणजे लांडग्याच्या देहाचा, असे अभ्यासक मानतात. आपले 'वृक' आणि 'तनू' हे त्या शब्दांचेच भाऊबंद. भीमाचे 'वृकोदर' हे नाव येथे सहज आठवते. 'गोर्गासाली' हे बिरुदही फारसीच, लांडग्याच्या शिराचा या अर्थाचे. त्याच्या शिरस्त्राणावर लांडगा कोरलेला होता, असे जुन्या बखरी सांगतात. इराणी फौजेशी झुंजताना झालेली जखम अखेर त्याच्या जिवावर बेतली. राजधानी तिबिलिसीला नेण्याचे काम पुत्र दाची याने पुरे केले. वाख्तांग हे नाव जॉर्जियन घरांत आजही मुलांना ठेवले जाते.