शोकाला चाल देणारे वामनदादा

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आपल्या समाजाने जुने देव सोडले. देवांबरोबर मयताच्या रात्रीचे भजन, टाळ-मृदंगही अनेक घरांतून गेले. दोन महिनेही झाले नाहीत तोच 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. 7 डिसेंबरला दादर चौपाटीवर भदन्त आनंद कौसल्यायन यांनी बौद्ध पद्धतीने अंत्यविधी केला. पण वस्तीत परतलेल्या माणसाने रडायचे कोणत्या गाण्यावर? भीमराव कर्डकांचे जलसे होते, ते मात्र प्रबोधनाचे.

ही पोकळी ज्यांनी भरली त्यांत आम्ही लोककवी वामनदादा कर्डकांना पहिले मानतो. 15 ऑगस्ट 1922 चा जन्म, गाव सिन्नर तालुक्यातले देशवंडी. बाप लवकर गेला. मुंबईत मोलमजुरी केली. शाळा नाहीच. कुणीतरी पत्र वाचायला दिले, वाचता येईना म्हणून हा तरणाताठा माणूस रडला. मग देहलवी मास्तरांकडे अक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरे शिकला. 1943 पासून गाणी लिहू लागला. पहिले गाणे सिनेमाच्या चालीवरचे विडंबन होते. यावर नाक मुरडणारे आजही आहेत. त्यांना एवढेच सांगतो, चाल ओळखीची असली की अख्खी वस्ती कोरस धरते आणि एकट्याचा हुंदका सगळ्यांचा होतो.

घरचे दुःखही थोडे नव्हते. पहिली पत्नी सोडून गेली, लेक मीरा लहानपणीच दगावली. दादांनी मात्र गाण्याला घरात कोंडले नाही. पेटी-ढोलकी घेऊन गावोगाव बाबासाहेब गायले. त्यांच्या गाण्यात माणूस नुसता रडत बसत नाही. बाबासाहेबांमागे फुटून गेलेल्या पुढाऱ्यांना रडता रडताच जाब विचारतो. आम्ही वकील मंडळी मयताच्या वारसांना भरपाईचा आकडा मिळवून देतो. असा जाब विचारायची सोय कोणत्या कलमात आहे? आणि 6 डिसेंबरलाही डीजे वाजवणाऱ्यांना या गाण्यातले काय कळणार?

'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह छापून आले. 15 मे 2004 ला नाशिकला दादा गेले. न छापलेली कितीतरी गाणी गायन पार्ट्यांच्या जुन्या वह्यांत आहेत, आणि वही हरवली तिथे म्हाताऱ्या बायांच्या तोंडी.