श्रीसमर्थांचा एकांतवास : टाकळी ते सज्जनगड

महाराष्ट्राच्या संतमालिकेत श्रीसमर्थ रामदासस्वामी हे बलोपासनेचे व लोकसंघटनेचे प्रवर्तक म्हणून सर्वश्रुत आहेत. तथापि त्यांच्या चरित्रास एकांतसेवनाचीही तितकीच भक्कम बैठक होती. नदीचे पात्र, डोंगरातील घळ आणि गडाचा माथा या तीन स्थळी त्यांच्या आयुष्याच्या तीन अवस्था विशेषत्वाने फळास आल्या.

शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये रामनवमीच्या शुभदिनी मराठवाड्यातील जांब या गावी समर्थांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव नारायण, पिता सूर्याजीपंत व माता राणूबाई. पितृछत्र बालपणीच हरपले. वयाच्या बाराव्या वर्षी ते विवाहमंडपातून निघाले आणि नाशिकनजीक टाकळी येथे, नंदिनी व गोदावरी यांच्या संगमापाशी, तपाचरणास राहिले. सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंत जळात उभे राहून जप, तदनंतर माधुकरी व ग्रंथाध्ययन असा नित्यक्रम त्यांनी १२ वर्षे पाळला. पुढील १२ वर्षे भारतभर तीर्थाटनात गेली.

या २४ वर्षांत मातोश्रींना पुत्राचे मुखदर्शन घडले नाही. समर्थ जांबेस परतले त्या वेळी पुत्रवियोगाने राणूबाईंची दृष्टी गेलेली होती, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. वैराग्याचे मोल केवळ साधकच देतो असे नाही. घरी वाट पाहणारी माताही ते देत असते. मातेच्या अंतकाळी समर्थ तिच्या सन्निध होते, असेही परंपरा मानते.

इ. स. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णातीरी आले. इ. स. १६४८ मध्ये चाफळ येथे त्यांनी श्रीराममंदिर उभारले. मठ, महंत, उत्सव व मारुतीची स्थापना असा कार्याचा व्याप वाढत असताही ते वारंवार रानावनात निघून जात. वृक्षवेलींची नावेच नावे गुंफलेले त्यांचे ‘बाग प्रकरण’ पाहिले असता, अरण्यातून जाताना त्यांची दृष्टी किती सावध असे, याची साक्ष पटते.

महाड तालुक्यातील शिवथरघळ येथे, कोसळत्या धबधब्याच्या सान्निध्यात, दासबोधाचे लेखन झाले असे मानले जाते. समर्थ सांगत व कल्याणस्वामी लिहून घेत. ग्रंथात कलियुगाच्या ४७६० व्या वर्षाचा, म्हणजे इ. स. १६५९ च्या सुमाराचा, निर्देश आहे; तेव्हा समर्थांनी पन्नाशी ओलांडली होती. याच ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात वार्धक्याच्या दुःखाचे रोखठोक वर्णन आहे, तर सोळाव्या दशकात सूर्य, पृथ्वी, आप, अग्नी व वायू यांचे महिमान गाइले आहे. देह झिजणारच, हे समर्थ लपवीत नाहीत. परंतु ज्या पंचभूतांचा तो घडला, त्यांकडे कृतज्ञतेने पाहण्यास ते शिकवितात. विवेकाने पाहणाऱ्यास वार्धक्य हे केवळ क्षीणता न राहता परिपक्वता ठरते.

इ. स. १६७६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, समर्थ सज्जनगडावर वास्तव्यास आले. उतारवयातील आघात त्यांनाही चुकले नाहीत. इ. स. १६७७ मध्ये ज्येष्ठ बंधू गंगाधरपंत निवर्तले व इ. स. १६८० मध्ये छत्रपती श्रीशिवाजीमहाराजांनी इहलोक सोडला. त्यानंतर समर्थांनी बाहेर जाणे व आहार कमी करून बहुतांश काळ चिंतनात व्यतीत केला. चाफळचा कारभार दिवाकर गोसावी व अक्कास्वामी पाहत असल्याने कार्य अखंड राहिले. हाती धरलेले कार्य वेळीच इतरांच्या हाती सोपविणे, हीदेखील वार्धक्याची साधनाच होय.

तंजावर येथे घडविलेल्या श्रीराममूर्ती अखेरच्या दिवसांत गडावर पोहोचल्या, अशी श्रद्धा आहे. त्यानंतर लवकरच, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, समर्थ श्रीरामचरणी लीन झाले. हीच तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते.

सज्जनगडाच्या पायऱ्या चढणाऱ्या वयोवृद्ध भाविकांनी घाई करू नये. वाटेत क्षणभर थांबून खालचे उरमोडीचे खोरे न्याहाळावे, श्वास स्थिर होऊ द्यावा व मगच समाधीदर्शनास जावे. स्वस्थ चित्ताने घेतलेले दर्शन अधिक काळ टिकते.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥