जिंकायची पण बक्षिसाचे पैसे घ्यायची नाही, कॅन्सर झाल्यावर तर खेळच रुग्णांच्या नावावर केला : बेब झहारियासची गोष्ट

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार मैदान, कडक इस्त्रीचे कपडे आणि बक्कळ पैसा. थोडक्यात, श्रीमंतांचा खेळ.

पण याच खेळात एक बाई अशी होऊन गेली, जिने सलग तीन वर्षं बक्षिसाच्या एका डॉलरलाही हात लावला नाही. त्या काळात ती खेळली ती एकतर फुकट किंवा चॅरिटीसाठी. बरं, घरची गडगंज श्रीमंत होती म्हणून पैसे नको होते, असंही नाही. लहानपणी तिने एका सेंटला एक याप्रमाणे गोणपाटाची पोती शिवली होती.

तिचं नाव बेब डिड्रिक्सन झहारियास.

२६ जून १९११ ला अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या पोर्ट आर्थर गावात तिचा जन्म झाला. खरं नाव मिल्ड्रेड. आईवडील नॉर्वेतून आलेले, पदरात सात पोरं, त्यातलं हे सहावं. वडील सुतारकाम करायचे, आई लोकांचे कपडे धुवायची. १९१५ च्या वादळानंतर हे कुटुंब जवळच्याच ब्यूमॉंट गावात राहायला गेलं.

घरात व्यायामाचं सामान आणायला पैसे कुठले? वडिलांनी झाडूच्या दांडक्याला इस्त्र्या बांधल्या आणि वजन उचलायचं साधन तयार केलं. पोरगी गल्लीतल्या घरांसमोरची कुंपणाची झुडपं ओलांडत पळायची. एका शेजाऱ्याचं झुडूप जरा उंच होतं, तर तिने त्याला ते छाटायला लावलं.

शाळा पूर्ण होण्याआधीच तिला डॅलसच्या एका इन्शुरन्स कंपनीत नोकरी लागली. कागदावर काम टायपिंगचं, पण खरं काम कंपनीच्या टीमकडून बास्केटबॉल खेळण्याचं. १९३१ ला या टीमने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

आणि मग आलं १९३२ साल.

ऑलिंपिकच्या निवडीसाठी शिकागोजवळच्या इव्हान्स्टनमध्ये राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा होती. इतर क्लबांनी मोठमोठ्या टीम उतरवल्या होत्या. बेबच्या कंपनीच्या टीममध्ये एकच खेळाडू होती, ती म्हणजे स्वतः बेब. एका दुपारीत तिने ८ प्रकारांत भाग घेतला, ५ जिंकले आणि एकात बरोबरी केली. सांघिक विजेतेपदही तिचंच. ३० गुण. दुसऱ्या नंबरवरच्या टीममध्ये २२ जणी होत्या आणि सगळ्यांचे मिळून गुण २२.

त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिला जास्तीत जास्त तीनच प्रकारांत उतरायची परवानगी होती. ती तीन पदकं घेऊन आली. भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण, उंच उडीत रौप्य. उंच उडीत तिने सुवर्ण जिंकणाऱ्या जीन शायलीइतकीच उंची गाठली होती, पण उडीची पद्धत पंचांना पटली नाही.

वयाच्या २१ व्या वर्षी ती अमेरिकेतली सगळ्यात गाजलेली महिला खेळाडू झाली. खिसा मात्र रिकामाच होता.

त्यामागे एक नियम होता. त्या काळी खेळाडूंच्या दोन जाती होत्या, हौशी आणि व्यावसायिक. हौशी खेळाडूने खेळातून पैसा कमवायचा नाही. कमावला की मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना हा नियम परवडायचा. सुताराच्या पोरीला कसा परवडणार?

ऑलिंपिकनंतर काही महिन्यांतच एका मोटारीच्या जाहिरातीत तिचा फोटो झळकला आणि ॲथलेटिक्स संघटनेने तिला निलंबित केलं. पोटापाण्यासाठी मग तिने मिळेल ते केलं. रंगमंचावर कार्यक्रम केले, स्वतःच्या नावाची बास्केटबॉल टीम घेऊन गावोगाव फिरली, दाढीवाल्या पुरुषांच्या बेसबॉल टीमबरोबरही खेळली. पेपरवाले तिच्या दिसण्यावरून, अंगकाठीवरून टवाळी करायचे. ती ऐकून घ्यायची आणि मिळालेले पैसे घरी पाठवायची.

यानंतर तिने गोल्फ हातात घेतला. तासन्‌तास सराव करायची, हात सोलवटले की पट्ट्या बांधून पुन्हा सुरू. १९३५ ला तिने टेक्सासची महिला हौशी स्पर्धा जिंकली. पण क्लबमधल्या श्रीमंत बायकांना सुताराची पोरगी आपल्यात नको होती. तक्रार झाली आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तिला व्यावसायिक ठरवून टाकलं. त्या काळी महिलांच्या जवळपास सगळ्या मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंसाठीच होत्या. म्हणजे खेळायला येतंय, पण खेळायचं कुठे हाच प्रश्न.

१९३८ च्या सुरुवातीला ती लॉस एंजेलिस ओपन या पुरुषांच्या स्पर्धेत उतरली. तिथे तिच्यासोबत खेळायला आला जॉर्ज झहारियास नावाचा धिप्पाड पैलवान. पहिल्या दोन दिवसांतच बेब स्पर्धेबाहेर गेली, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दोघांनी लग्न केलं.

जॉर्ज कुस्तीतून चांगला कमवत होता. आता बेबला पैशाची घाई नव्हती. तिला पुन्हा हौशी व्हायचं होतं. संघटनेची अट सोपी होती पण जाचक होती. तीन वर्षं खेळातून एक पैसाही घ्यायचा नाही.

तिने अट मान्य केली. हातातले करार सोडले. १९४० मध्ये वेस्टर्न ओपन आणि टेक्सास ओपन या व्यावसायिकांना खुल्या असलेल्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या आणि बक्षिसाची रक्कम नाकारली. जानेवारी १९४३ मध्ये तिला हौशी दर्जा परत मिळाला. त्यानंतर पहिल्यांदा ती मैदानात उतरली तीही कॅलिफोर्नियाची विजेती क्लारा कॅलेंडरविरुद्धच्या चॅरिटी सामन्यात. अर्थात, जिंकली.

तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं. बऱ्याच मोठ्या स्पर्धा बंद पडल्या होत्या. त्यांच्या जागी प्रदर्शनी सामने व्हायचे. नामवंत गोल्फर आणि बिंग क्रॉसबी, बॉब होप यांच्यासारखे सिनेमातले लोक एकत्र खेळायचे आणि जमलेल्या गर्दीला युद्धासाठीचे सरकारी रोखे विकले जायचे. बेब अशा सामन्यांची हुकमी एक्का होती. लांबच लांब फटके मारायचे आणि मधूनच विनोद करून लोकांना हसवायचं. गर्दी जमवण्याची ही कला पुढे तिच्या फार कामाला आली.

युद्ध संपलं. १९४६ ला तिने अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकली. १९४७ ला ब्रिटनची हौशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली. सिद्ध करायचं होतं ते करून झालं होतं. त्याच वर्षी ती राजरोसपणे व्यावसायिक झाली.

१९५० मध्ये १३ महिलांनी मिळून एलपीजीए ही व्यावसायिक महिला गोल्फरची संघटना उभी केली. त्यातली सगळ्यात मोठं नाव असलेली खेळाडू बेबच. इथे एक गोष्ट सांगायला हवी. बेब काही साधीभोळी नव्हती. ती बढाया मारायची, मैदानात आल्या आल्या बाकीच्यांना दुसऱ्या नंबरला कोण येणार असं विचारायची, आयोजकांकडून हजेरीचे वेगळे पैसे घ्यायची. अनेकजणींना ती आवडायची नाही. पण तिकिटं तिच्या नावावर खपतात हेही सगळ्यांना माहीत होतं.

एप्रिल १९५३. ब्यूमॉंटमध्ये तिच्याच नावाची स्पर्धा तिनेच जिंकली. पण थकवा जात नव्हता. तपासणी केली तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

ऑपरेशन करून आतड्याचा भाग काढला आणि शौचाचा मार्ग पोटावर काढला. डॉक्टरांना दिसलं की कॅन्सर लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलाय. हे त्यांनी जॉर्जला आणि बेबची मैत्रीण, गोल्फर बेटी डॉड हिला सांगितलं. बेबला सांगितलं नाही. त्या काळात रुग्णापासून हे लपवणं ही सर्रास पद्धत होती. मोठ्या स्पर्धांमध्ये ती पुन्हा खेळू शकणार नाही असंच डॉक्टरांचं मत होतं.

साडेतीन महिन्यांत ती शिकागोला स्पर्धा खेळत होती.

तेव्हा कॅन्सर हा शब्द लोक दबक्या आवाजात उच्चारायचे. घरात कुणाला झाला तर शेजाऱ्यांना कळू द्यायचे नाहीत. त्यात पोटावरून शौचाचा मार्ग, हे तर बोलायचंच नाही. बेबने आपला आजार उघड सांगितला. देशभरातून रुग्णांच्या पत्रांचा ढीग येऊ लागला. स्पर्धेसाठी ती ज्या गावी जायची, तिथल्या हॉस्पिटलमध्ये जाऊन रुग्णांना भेटायची. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासोबत तिने अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या निधी मोहिमेची सुरुवात केली.

त्याच वर्षी जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम कंट्री क्लबवर यूएस विमेन्स ओपन झाली. शेवटच्या दिवशी एकाच दिवसात ३६ होल खेळायचे होते. धडधाकट माणूस दमेल असं काम. बेबने ही स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. ऑपरेशनला तेव्हा १५ महिनेही झाले नव्हते.

रुग्णांना जे लाख भाषणांतून पटलं नसतं, ते या निकालाने पटवलं. कॅन्सर झाला म्हणजे विषय संपला, असं नसतं.

१९५५ मध्ये पाठीचं दुखणं सुरू झालं. आधी मणक्याचं ऑपरेशन झालं, मग कळलं की कॅन्सर परत आलाय. यावेळी तिला सांगण्यात आलं. त्याच वर्षी तिने आणि जॉर्जने कॅन्सरच्या कामासाठी बेब डिड्रिक्सन झहारियास फंड सुरू केला. त्यातून गॅल्व्हेस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या हॉस्पिटलला, म्हणजे जिथे तिच्यावर उपचार सुरू होते तिथल्याच ट्यूमर क्लिनिकला मदत झाली.

शेवटच्या काळात त्याच हॉस्पिटलच्या खोलीत तिने आपली गोल्फची काठी जवळ ठेवली होती. २७ सप्टेंबर १९५६ ला ती गेली. वय फक्त ४५. त्या दिवशी आयझेनहॉवर यांनी आपल्या पत्रकार परिषदेची सुरुवात तिला श्रद्धांजली वाहून केली. २०२१ मध्ये अमेरिकेने तिला मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं.

पोती शिवून सेंट गोळा करणाऱ्या पोरीला पैशाची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणूनच तिने सोडलेला आणि दुसऱ्यांसाठी उभा केलेला पैसा जास्त मोलाचा वाटतो. फंड तिने उभारला तेव्हा त्यातून तिचा स्वतःचा जीव वाचण्याची वेळ निघून गेली होती. तो होता तिच्या मागून येणाऱ्या रुग्णांसाठी.